एकट्या जिवाणूचं काम नव्हे

नमस्कार श्रोतेहो. शेडमध्ये डुकरं खोकायला लागली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘कोणतं इंजेक्शन द्यायचं?’ त्याच्या आधी विचारायला हवं, की जिवाणू फुप्फुसात उतरला कसा? कारण यातले बरेचसे जिवाणू धडधाकट डुकराच्या नाकाघशात एरवीही मुक्कामाला असतात आणि काही करत नाहीत.

यावर एक गोष्ट सांगतो. 1918 सालचा सप्टेंबर-ऑक्टोबर. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्स इथे डुकरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथून डुकरं घरोघर परतली आणि कळपच्या कळप आजारी पडले. ताप, धाप, नाकाडोळ्यांना पाणी. माणसांतही त्याच दिवसांत फ्लूची साथ पेटलेली. जे. एस. कोएन नावाचे सरकारी पशुवैद्यक म्हणाले, हाही फ्लूच आहे. डुकरांचा धंदा करणारे भडकले. डुकरांना फ्लू म्हटलं तर मांस घेणार कोण? कोएन शब्दावर ठाम राहिले. (धंद्याला नको असलेलं निदान दाबायची खोड तेव्हापासूनच आहे म्हणायची.)

दहाएक वर्षांनी त्याच आयोवात जन्मलेल्या रिचर्ड शोप यांनी हा आजार हाती घेतला. ते प्रिन्स्टनला रॉकफेलर संस्थेत काम करत होते, सोबत पॉल लुईस. आजारी डुकरांच्या श्वासनळीतल्या चिकट स्रावात त्यांना एक जिवाणू सापडला. माणसांच्या फ्लूचा आळ तेव्हा ज्या जिवाणूवर होता, अगदी त्याच्यासारखा. चोर सापडला म्हणायचा! तो वाढवून निरोगी डुकरांच्या नाकात सोडला. डुकरं ढिम्म. आजार नाही.

मग शोप यांनी तोच स्राव जिवाणू अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला आणि गाळून आलेला द्रव डुकरांच्या नाकात घातला. डुकरं थोडे दिवस मलूल झाली आणि सुधारली. म्हणजे गाळणीतून विषाणू पार झाला होता. पण शेतावर दिसलेला आजार हा नव्हे. शेवटी दोन्ही एकत्र दिले. आणि शेतावरचा आजार जसाच्या तसा उभा राहिला. ताप, धाप, न्यूमोनिया. 1931 साली हे प्रसिद्ध झालं. माणसाच्या फ्लूचा विषाणू हाती लागायला आणखी दोन वर्षं लागली.

पुन्हा सांगतो. नुसता जिवाणू दिला, काही नाही. नुसता विषाणू दिला, किरकोळ आजार. दोन्ही दिले, न्यूमोनिया.

आपल्या शेडमध्ये विषाणूची ही भूमिका, म्हणजे दुसऱ्या जिवाणूला वाट मोकळी करून द्यायची, बहुतेकदा मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी करतो. हाही जिवाणूच, पण इतका बारीक की 1965 पर्यंत त्याच्या आजाराला विषाणूचा न्यूमोनियाच समजत. श्वासनळीच्या आतले बारीक केस घाण वर ढकलत असतात. हा त्यांना चिकटतो आणि ते झडतात. मग कफ तिथेच साचतो आणि नाकाघशात मुक्कामाला असलेला पाश्चरेला नावाचा जिवाणू खाली फुप्फुसात उतरतो. पेनिसिलिन जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीवर, पेशीभित्तिकेवर मारा करतं; मायकोप्लाझ्माला ती नाहीच, म्हणून पेनिसिलिनचा त्याच्यावर काही उपयोग नाही. लस आजार हलका करते, संसर्ग पूर्ण थांबवत नाही.

त्याच केसांचं वाटोळं शेण-मुतातून उठणारा अमोनिया वायूही करतो. थंडी पडली की लोक शेडचे सगळे पडदे खालपर्यंत बांधून टाकतात. पिल्लांच्या अंगावर थेट झोत नको, हे खरं; पण वरून हवा बाहेर जायलाच हवी. अमोनिया 10 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) आत ठेवा, आणि मोजायचा तो डुकराच्या नाकाच्या उंचीवर. आपलं नाक थोड्या वेळात सरावतं, त्याच्यावर विसंबू नका.

खोकला मोजायलाही शिका. डुकरांना उठवा, मिनिटभर थांबा, मग दोन मिनिटं खोकले मोजा. असं तीनदा, दर आठवड्याला, त्याच वेळी. आकडा चढत गेला तर पशुवैद्यकांना बोलवा. शेडमध्ये रेडिओ लावून ठेवणाऱ्यांनी तेवढा वेळ तो बंद करावा, आमचाच कार्यक्रम चालू असला तरी.

एक जिवाणू मात्र कुणाची वाट पाहत नाही: ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनी. त्याचं विष फुप्फुसाच्या पेशी फोडतं. संध्याकाळी चांगलं खाल्लेलं डुक्कर सकाळी मेलेलं, नाकाशी रक्ताळ फेस, कान निळे. बाकीची कुत्र्यासारखी बसून तोंडानं श्वास घेतात, ताप 41 अंशांच्या आसपास. इथे खाद्यातून औषध देऊ नका. आजारी डुक्कर आधी खाणं सोडतं, मग पिणंही. पशुवैद्यकांकडून त्याच दिवशी इंजेक्शन द्या, त्या कप्प्यातल्या सोबत्यांनाही तपासा. आणि औषध दिल्यावर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, ते पाळा.

कत्तलीच्या वेळी फुप्फुसं बघायची संधी सोडू नका. दोन्ही बाजूंचा पुढचा-खालचा भाग जांभळट आणि घट्ट असेल, तर मायकोप्लाझ्माचा संशय घ्या. तुकडा पाण्यात टाका: निरोगी फुप्फुस तरंगतं, भरलेलं बुडतं. मागच्या-वरच्या भागात काळपट, कठीण गाठ आणि फुप्फुस बरगड्यांना चिकटलेलं दिसलं, तर ॲक्टिनोबॅसिलस. आणि हो, यकृतही उलटून बघा. त्यावर दुधाळ डाग असतील तर गोलजंतांच्या अळ्या तिथून फुप्फुसाकडे गेल्या आहेत. त्यानंही डुक्कर खोकतं. त्या खोकल्यावर प्रतिजैविकाचा खर्च वाया. तिथे जंतांचं औषध लागतं.

नमस्कार.