नववा क्रमांक

बीजिंग, १८ मार्च १९७८. राष्ट्रीय विज्ञान परिषदेच्या व्यासपीठावरून चीनचे नेते देंग शियाओपिंग सांगत आहेत : आपले बहुसंख्य बुद्धिजीवी कामगार वर्गाचाच भाग आहेत. कुणी अंगाने राबतो, कुणी डोक्याने, एवढाच फरक.

हे ऐकायला समोर बसलेल्या कित्येकांनी आदली दहा-बारा वर्षं एक शिवी झेलली होती. 'चौ लाओ जिऊ', म्हणजे नासका नववा. जमीनदार, श्रीमंत शेतकरी, प्रतिक्रांतिकारक, समाजकंटक, 'उजवे', फितूर, हेर, भांडवली वाटेचे... आणि या आठांच्या शेपटाला शिकलेला माणूस.

मार्क्सच्या हिशेबात उत्पादनाची साधनं कुणाच्या हाती, यावरून वर्ग ठरतो. मग मास्तरांच्या हाती होतं काय? खडू सरकारचा, फळा सरकारचा, पगारही सरकारचाच. तरी त्यांचा वर्ग बदलत राहिला. जानेवारी १९५६मध्ये पंतप्रधान चौ एनलाय यांनी बहुतेक बुद्धिजीवींना कामगार वर्गात घेतलं. पुढच्याच वर्षी पक्ष म्हणाला, मोकळेपणाने टीका करा. लोक बोलले. मग साडेपाच लाखांवर माणसांवर 'उजवे' असा शिक्का बसला. अनेकांची रवानगी श्रमछावण्यांत, खेड्यांत झाली. मुलांच्या शिक्षणाच्या वाटाही त्या शिक्क्याने अडवल्या.

लेखक लाओ शे यांचंच बघा. ते दीड वर्षाचे असताना शिपाई असलेले वडील लढाईत मारले गेले. आईने लोकांची धुणी धुऊन त्यांना वाढवलं. बीजिंगच्या रिक्षावाल्याचं जिणं त्यांनी कादंबरीत मांडलं. कष्टकऱ्यांच्या घरातला माणूस म्हणतात तो आणखी कोण असतो? ऑगस्ट १९६६मध्ये माओंच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या तरुण पथकांनी, म्हणजे रेड गार्ड्‌सनी त्यांना कन्फ्यूशियसच्या मंदिरात सगळ्यांदेखत झोडपलं. दुसऱ्या दिवशी ते घरातून निघाले, ते तायपिंग तलावाकडे. तिथेच त्यांचा मृतदेह सापडला. वय ६७.

१९७७च्या डिसेंबरात विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा अकरा वर्षांनी परत सुरू झाली. ५७ लाख जण बसले. 'उजव्यां'चे शिक्के काढायचं कामही १९७८मध्ये हाती घेतलं गेलं. तोवर त्यातले पुष्कळ जण जग सोडून गेले होते.

त्याच वर्षी जूनमध्ये लाओ शे यांचा सन्मानाने स्मृतिविधी झाला. अस्थी कुणी राखल्याच नव्हत्या. कलशात ठेवला त्यांचा चष्मा, पेन, कुंचला आणि थोडा मोगऱ्याचा चहा.