रोमपर्यंतची अर्धी वाट

इ. स. ९९० मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक पोपकडून पदाचं मानवस्त्र घ्यायला रोमला गेले. त्यांच्या परतीच्या प्रवासातल्या मुक्कामांची यादी अजून टिकून आहे. नुसती गावांची नावं, ८० च्या घरात. पाऊस लागला का, पाय सुजले का, याबद्दल चकार शब्द नाही. त्याच यादीवर आजची व्हिया फ्रान्सिजेना ही पायी यात्रेची वाट उभी आहे. इंग्लंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली. सुमारे २,००० किलोमीटर.

आम्ही ती यादी खालून वर चाललो.

‘सगळ्यात अवघड काय?’ असं विचारणाऱ्यांना आल्प्स हे उत्तर हवं असतं. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड २,४६९ मीटरवर आहे, चढताना दम निघतो, खरंय. पण माथ्यावर धर्मशाळा आहे आणि अकराव्या शतकापासून तिथं वाटसरूला आसरा मिळत आलाय. खरा कस लागतो तो फ्रान्समध्ये, शॅम्पेनच्या सपाटीवर. रोमनांनी आखलेला सरळसोट रस्ता, दोन्हीकडं गहू आणि बीट, सावलीला झाड नाही. पुढच्या गावातल्या चर्चचं टोक सकाळी दिसायला लागतं आणि दुपार झाली तरी तेवढंच दिसतं. एकदाचं गाव येतं, तर बेकरी बंद.

आल्प्स उतरून व्हर्चेल्लीकडं आलो, तर समोर चक्क भातखाचरं! बांध, पाटाचं पाणी, बगळे. कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. संध्याकाळी डास फोडून काढतात, मग तर खात्रीच पटते.

पुढं पो नदी होडीतून ओलांडायची. सिगेरिकही इथूनच पार झाले होते. पैलतीरावर नावाडी जाडजूड वही उघडून नाव-गाव लिहून घेतो.

रोमला यात्रेकरूच्या पासावर शेवटचा शिक्का बसतो, प्रमाणपत्र मिळतं. शेवटचे १०० किलोमीटर चाललेल्यालाही तेच मिळतं. जरा टोचतं, पण कागदासाठी कोण निघालं होतं!

टोचलं ते वेगळंच. सिगेरिकसाठी रोम म्हणजे निम्मी वाट होती; तीच नदी, तीच खिंड पुन्हा पार करायची होती. आम्ही विमानात बसलो आणि अडीच तासांत लंडनला उतरलो. टस्कनीत एक जण उलटा, उत्तरेकडं निघालेला भेटला होता. वाटेवरचे बहुतेक बाण रोमकडं तोंड केलेले, त्यामुळं बिचारा दर फाट्यावर मागं वळून खूण शोधायचा. तेव्हा त्याला हसलो होतो. आता नकाशा काढून बसलोय, आणि या खेपेला निघायचं ते रोमहूनच.