इफ एव्हर, इफ एनी, इफ सो: दोन शब्दांत अख्खं वाक्य

पुण्यातली सदाशिव पेठ. गल्लोगल्ली अभ्यासिका, आणि आत बसलेली पोरं बीडची, लातूरची, नंदुरबारची, बहुतेक सगळी एमपीएससी करणारी. गट ब च्या मुख्य परीक्षेला मराठीच्या जोडीला इंग्रजी पण असतं, म्हणून टेबलावरच्या या वहीत बघा, इफ एनी, इफ एव्हर, इफ सो, इफ नीड बी, एकाखाली एक लिहिलंय, समोर मराठी अर्थ, आणि पाठांतर चालू. घोळ इथंच होतो, कारण यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक मिटलेलं वाक्य आहे आणि ते उघडून दाखवायला कुणाला वेळ नसतो.

या क्लासमध्ये ते उघडतात. फळ्यावर सरांनी लिहिलंय, ही सेल्डम गोज आउट. आता सेल्डमच्या पुढे स्वल्पविराम, मग इफ एव्हर, परत स्वल्पविराम. आणि खाली लाल खडूनं लिहितायत ते नीट वाचा, इफ ही एव्हर गोज आउट. मूळ वाक्य हे. त्यातले कर्ता आणि क्रियापद गाळले, कारण ते बाहेरच्या वाक्यात आहेतच. म्हणजे तो बाहेर पडलाच तर क्वचित पडतो. आता पोरं नेहमी करतात ती चूक, सेल्डम ऑर एव्हर. क्वचित किंवा कधीही, याला काही अर्थ लागतो का? सेल्डम ऑर नेव्हर चालतं, सेल्डम इफ एव्हर चालतं.

हा जवळून दिसतोय तो फॉर्म. मिडल नेम, इफ एनी. शेजारी मराठीत, असल्यास. हा शब्द आपण शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर वाचत आलोय! गरज पडल्यास म्हणजे इफ नीड बी, आणि तिथं इज का नाही तर बी हे इंग्रजीतलं जुनं रूप, अजून न घडलेल्या गोष्टीसाठीचं, बोलण्यातून जवळजवळ गेलं पण अशा ठरलेल्या जोड्यांत टिकलं. तसं असल्यास म्हणजे इफ सो, तो सो आधीचं पूर्ण वाक्य उचलून आणतो, म्हणून आधी काहीतरी बोललेलं लागतंच. मराठी मिडियमच्या पोरांना हे मराठीतूनच शिकवलं पाहिजे, त्यांच्याकडे असल्यास, पडल्यास मधला ल्यास आधीपासून आहे.

परीक्षेत उत्तर चुकलं तर त्या प्रश्नाचे मार्क जातातच, वर निगेटिव्ह मार्किंगचे म्हणून त्या प्रश्नाच्या मार्कांतले एक चतुर्थांश आणखी कापले जातात.

आता फळ्यावर डिफिकल्ट, इफ नॉट इम्पॉसिबल. मागच्या बाकावरून दोन उत्तरं आली. एक, अशक्य नसलं तरी अवघड. दुसरं, अवघड, किंबहुना अशक्य. दोन्ही बरोबर, कुठलं घ्यायचं ते मागचंपुढचं वाक्य ठरवतं, म्हणून सर इफ नॉटला सुटं वाक्य देत नाहीत, पूर्ण उतारा वाचायला लावतात.