फेरारी समोरून गेली तर बघायचं काय?

नमस्कार मंडळी. समोर बरीच कॉलेजची पोरं दिसतायत, काही काका-काकूही आलेत, रविवारची सकाळ तुम्ही सगळ्यांनी या विषयाला दिलीत त्याबद्दल मनापासून थँक्यू. होतं काय की रस्त्यावर एखादी दुर्मिळ इटालियन स्पोर्ट्स कार दिसते, सगळे खिशातून मोबाइल काढतात, गाडी डोळ्यांसमोरून निघून जाते, आणि नंतर विचारलं की कुठलं मॉडेल होतं रे, तर उत्तर येतं, लाल होती. मला हे फार लागतं, कारण तेवढ्या सेकंदांत बघण्यासारखं आणि ऐकण्यासारखं इतकं असतं की काही विचारू नका.

मी आज एकच गाडी धरून बोलणार आहे, फेरारी ३६० मोडेना. कारण ही गाडी आपल्या मुंबईच्या रस्त्यांशी जोडलेली आहे. २००२ मध्ये सचिनने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला ही गाडी द्यायचं ठरवलं आणि इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर फेरारीचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर मायकेल शूमाकरच्या हातून ती दिली गेली. आता फियाटच का, तर फेरारी तेव्हा फियाटच्या मालकीची होती आणि सचिन फियाट पॅलिओच्या जाहिरातीत होता. आणि फियाट म्हणजे मुंबईला परकी थोडीच, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० बनायची, तीच पुढे पद्मिनी झाली, तीच आपली काळी-पिवळी. म्हणजे कित्येक वर्षं मुंबईत सगळ्यात जास्त दिसणारी टॅक्सी मुळात इटालियन डिझाइनची होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा माझ्यासारख्या गाडीवेड्यांना खरंच भरून आलं होतं. असो, विषय फेरारीचा.

ती गाडी इथे आणायची तर कस्टम ड्यूटी सुमारे १ कोटी १३ लाख रुपये, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. आधी सरकारने ती माफ केली, मग वाद पेटला, कोर्टात याचिका गेली, आणि शेवटी फियाटने पैसे भरले. पुढे २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका उद्योजकाकडे गेली. हे सगळं मी सांगतोय कारण बाहेरून पूर्ण तयार होऊन येणारी कुठलीही गाडी आपल्या सिग्नलला उभी दिसते ना, तिच्यामागे असा ड्यूटीचा, कागदांचा, जहाजाचा आणि आरटीओचा मोठा प्रवास असतो. पासिंगवरूनही बरंच कळतं. महाराष्ट्रात रोड टॅक्सची कमाल मर्यादा २० लाख होती, २०२५ मध्ये ती ३० लाख झाली, त्यामुळे टॅक्स वाचवायला मुंबईत फिरणाऱ्या महागड्या गाड्यांवर पुद्दुचेरीचं पीवाय किंवा झारखंडचं जेएच पासिंग दिसतं त्यात नवल काही नाही.

आता ओळखायची कशी. ३६० समोरून आली तर नाकाकडे बघा. मधोमध मोठी जाळी नाहीये, डाव्या-उजव्या कोपऱ्यात दोन तोंडं आहेत, कारण रेडिएटर दोन्ही बाजूंना बसवलेत आणि मधली हवा गाडीच्या पोटाखालून मागे काढलीय. तिथे मागच्या बाजूला डिफ्यूझर आहे, म्हणजे तळाचा वर वळत गेलेला भाग, तो ती हवा खेचतो आणि गाडी रस्त्याला धरून राहते, म्हणून हिच्यावर मोठा पंखासारखा स्पॉयलर लावावा लागला नाही. हे पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचं काम आहे, विंड टनेलमध्ये, म्हणजे गाडीवर वारा सोडून बघतात त्या बोगद्यात, तासन्‌तास घालून केलेलं, आणि ते इतकं स्वच्छ दिसतं की मला आजही त्याच्याकडे बघून समाधान होतं. गाडी पुढे गेली की मागची काच बघायला विसरू नका, त्या काचेखाली इंजिन दिसतं, ३.६ लिटरचं व्ही-८, म्हणजे व्ही आकारात चार-चार असे आठ सिलेंडर, ड्रायव्हरच्या पाठीमागे, चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर, आणि ती पूर्ण ताकद मिळते ८,५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या झाल्यावर. आपली रोजची पेट्रोल गाडी सहा-साडेसहा हजारांवर दमते, यावरून अंदाज घ्या.

पोरं गोंधळतात ती ३६० आणि तिच्यानंतर आलेली एफ४३० यांच्यात. सोपं आहे, टेललाइट बघा. दोन्हींना गोल दिवे आहेत पण ३६०चे दिवे बॉडीत व्यवस्थित बसलेत, तर एफ४३०चे वरून थोडे बाहेर डोकावतात, ती लकब एन्झो नावाच्या त्यांच्या मोठ्या गाडीकडून आलीय.

लॅम्बोर्गिनीबद्दल पण एक गैरसमज आहे तो आत्ताच काढून टाकतो, दार वर उघडलं म्हणजे लॅम्बो आणि वर नाही उघडलं म्हणजे लॅम्बो नाही, असं नसतं हो. ती कात्रीसारखी दारं काउंटाक नावाच्या गाडीपासून त्यांच्या मोठ्या व्ही-१२ गाड्यांना येतात. गॅलार्डो, हुराकान या व्ही-१०वाल्या, त्यांची दारं साधी, आपल्यासारखी बाजूला उघडणारी, आणि आपल्याकडे जास्त दिसतात त्या याच, शिवाय उरुस ही त्यांची एसयूव्ही.

आवाज. माझ्या मते खरी ओळख इथे आहे, आणि मोबाइलच्या व्हिडिओत हीच गोष्ट मरते. फेरारीच्या व्ही-८चा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, सपाट असतो, म्हणजे त्याच्या क्रँकपिना, पिस्टन जोडायच्या खुंट्या, १८० अंशांवर, आणि त्यामुळे स्फोट एकदा डाव्या बाजूच्या चारपैकी एका सिलेंडरात, एकदा उजव्या बाजूच्या चारपैकी एकात असे आलटून पालटून होतात, प्रत्येक बाजूच्या सायलेन्सरला सारख्या अंतराने धक्के मिळतात. अमेरिकन व्ही-८मध्ये ते ९० अंशांवर असतात, तिथे धक्के उलटसुलट पडतात म्हणून तो गडगडाट येतो, घुमणारा. फेरारी गडगडत नाही, ती चढत जाते, तंबोऱ्यावर स्वर लागल्यावर गायक जसा वरच्या षड्जाकडे जातो तशी. वरळीला मी ३६० पहिल्यांदा ऐकली ती दिसायच्या आधी, आणि वळणावरून ती येईपर्यंत मला खात्री होती की हे व्ही-८ आहे आणि इटालियन आहे, तो आनंद शब्दांत नाही सांगता येत.

आता कोणी म्हणेल शोमध्ये जाऊन बघा की, सगळ्या एका जागी मिळतात. जरूर जा. पण शोमध्ये गाडी पुसून, दोरीमागे, इंजिन बंद करून उभी असते. रस्त्यावर ती काम करत असते. स्पीडब्रेकर आला की ड्रायव्हर गाडी तिरपी घेतो, एक-एक चाक चढवतो, कारण सरळ नेली तर पोट घासतं, आणि नवीन गाड्यांत एक बटण असतं जे नाक काही सेंटिमीटर वर उचलतं, ते उचलताना नीट बघितलं तर दिसतं. ट्रॅफिकमध्ये अडकली की पंखे जोरात सुरू होतात, इंजिन पाठीमागे कोंडलेलं असतं ना. आपल्या उन्हात, आपल्या खड्ड्यांत जो मालक अशी गाडी गॅरेजात न ठेवता खरंच चालवतो त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण त्याच्यामुळेच फुटपाथवर उभ्या शाळेच्या पोराला ती दिसते.

कुठे बघायच्या तर रविवारी पहाटे, मरीन ड्राइव्ह, सी लिंक, आता कोस्टल रोड, आणि पुण्याकडे जाताना एक्सप्रेसवे. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं ते पंपही चांगले, २०२०पासून मुंबई-पुण्यात ते आलंय आणि या गाड्यांचे मालक ते भरायला येतात. फक्त तिच्या मागे बाइक पळवू नका, पळवायला लावूही नका. कोस्टल रोडवर मर्यादा ८० आहे, बोगद्यात ६०, आणि तिथल्या रहिवाशांची आवाजाची तक्रार खरी आहे, मध्यरात्री कोणाच्या घराखाली रेस करणं हे गाडीवरचं प्रेम नाही. फोटो टाकाल तर नंबरप्लेट झाका, मालक भेटला तर आधी विचारा, बहुतेक लोक आनंदाने थांबतात.

शेवटी एक गोष्ट, जाणकारांनाही ती चटकन लक्षात येत नाही. जुनी गाडी आपण बाहेरून आणायची तर नियम कडक आहेत, तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच येते. व्हिंटेज गाड्यांचा हिशेब वेगळा. त्यामुळे तुम्हाला ऐंशीच्या दशकातली फेरारी टेस्टारोसासारखी गाडी दिसली तर ती बहुधा त्याच काळात नवी असताना आलेली, नाहीतर कार्नेटवर आलेली. कार्नेट म्हणजे तात्पुरता परवाना, ड्यूटी न भरता गाडी आणायची, सहा महिने फिरवायची आणि परत न्यायची, आखातातल्या गाड्या अशाच येतात. तेव्हा अशी गाडी दिसली की रंग-बिंग नंतर, आधी स्टिअरिंग बघा. डावीकडे असेल आणि नंबर परदेशी असेल तर ती पाहुणी आहे, लवकर परत जाणार आहे, म्हणून नीट बघून घ्या.