मीटरवरचा लाल ठिपका

[काळोख. एक लाल ठिपका लुकलुकतो आणि विझतो.]

सातारा. चिमणपुरा पेठेतलं एक जुनं घर. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. घरातलं एकूणएक बंद केलंय. फ्रीज, टीव्ही, पंखे, चार्जर. नातवानं कुरकुरत का होईना, वायफायसुद्धा. चालू आहे तो फक्त ओटीवरचा पिवळा बल्ब, 60 वॅटचा.

दाराआडच्या मीटरपाशी नातू मोबाइलवर सेकंद मोजत उभा आहे. मीटरवर बारीक अक्षरात 3200 हा आकडा छापलाय. हा ठिपका 3200 वेळा लुकलुकला की बिलात एक युनिट चढतं. मीटर आपल्याशी बोलतो तो एवढंच. पण रोज येता-जाता बघूनही कुणी कधी ऐकत नाही.

लुकलुकला. सतरा... अठरा... आणि पुन्हा लुकलुकला. 19 सेकंदांत.

आता बल्ब काढायचा.

"हात लावू नगंस, भाजंल!" आतून आजी ओरडतात.

नातू फडक्यानं बल्ब धरतो, पिन फिरवतो, आणि त्याच होल्डरमध्ये 9 वॅटचा एलईडी बसवतो. ओटी तेवढीच उजळते, जरा जास्तच म्हणा. पुन्हा मोजणी सुरू.

[मीटर. शांतता. भिंतीवरची पाल.]

मिनिट झालं. दीड मिनिट. नातवाला वाटतं, मीटर बंद पडला.

2 मिनिटं 5 सेकंद.

[शीर्षक]

फडकं का लागलं, याच प्रश्नात सगळा हिशेब आहे. पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची तार अडीच हजार अंशांवर तापते, तेव्हा कुठे ती उजळते. वीज जाते 100 भाग, उजेड मिळतो त्यातला जेमतेम 5 भाग. बाकीची नुसती ऊब, तीही मे महिन्यात, पंखा लावून हाकलायची. खरं तर ही शेगडीच, आपण तिला दिवा म्हणत आलो.

एलईडीत तार तापवायची भानगड नाही. त्यातला चिमुकला तुकडा विजेतून थेट निळा उजेड काढतो, आणि त्याच्यावरचा पिवळसर लेप त्या निळ्याचा पांढरा करतो. तांबडा एलईडी अमेरिकेत 1962 सालीच निघाला होता. त्याचाच वंशज या मीटरवर लुकलुकतोय. पण निळा सापडेना, आणि निळ्यावाचून पांढरा होईना. त्यासाठी आणखी तीस वर्षं गेली. तो काढणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2015 मध्ये, आपल्याकडे घरोघरी स्वस्तात एलईडी देणारी सरकारी 'उजाला' योजना सुरू झाली. घाऊक खरेदीत जो बल्ब 310 रुपयांना पडत होता, तो दोन-अडीच वर्षांत 38 रुपयांवर आला.

1962 साली कोयनेच्या पाण्यावरही एक दिवा लागला होता. तो आजींना जास्त ठाऊक आहे.

[कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. सकाळ. एक होडी.]

आजींचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. लहानपणी घरात घासलेटची चिमणी. कंदील एकच, आणि त्याची काच राखेनं पुसायचं काम यांच्याकडे, कारण काचेत हात जाईल एवढा लहान हात घरात यांचाच. मग धरण आलं. 1962 साली पोफळीच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात, पहिलं जनित्र फिरलं. वीज दूरच्या शहरांकडे गेली. गाव पाण्याखाली गेलं. भाऊबंद कुणी ठाण्याकडे, कुणी सोलापूरकडे पांगले.

"आमच्या डोक्यावर पाणी आन् लोकांच्या डोक्यावर दिवा," आजी म्हणतात. यात तक्रारीचा सूर नाही. कांदा चिरता चिरता, सहज.

एरवी कृष्णेला जाऊन मिळालं असतं ते हे पाणी बोगद्यानं सह्याद्री ओलांडून पश्चिमेला उतरतं, पावणेपाचशे मीटरच्या आसपास. एवढ्या उंचीवरून एक युनिट वीज करायची तर ढोबळमानानं 900 लिटर पाणी खाली सोडावं लागतं. आपल्या घरात आलेली वीज कुठल्या धरणाची, कुठल्या कोळशाची, हे तारेला विचारून कळत नाही. पण दिवेलागणीला सगळ्या राज्याची मागणी एकदम चढते, तेव्हा काही मिनिटांत सुरू होणारी कोयनेची जनित्रंच हाताशी लागतात. म्हणून ओटीवरच्या बल्बचा हिशेब या पाण्यात करायला हरकत नाही. रोज 5 तास पिवळा बल्ब म्हणजे 270 लिटर. एलईडी, 40 लिटर.

[स्वयंपाकघर. सूनबाई वहीत आकडे लिहीत आहेत.]

आता घराकडे वळू. पिवळे बल्ब चार, जुन्या ट्यूब दोन. ट्यूब 40 वॅटची, पण तिचा चोक वर 10-12 वॅट खातो, शिवाय घरघरतो. सूनबाईंनी सगळं एकदम बदललं नाही, आणि ते बरोबरच केलं. जो दिवा जास्त वेळ जळतो तो आधी. ओटी, स्वयंपाकघर, जिना, मग दोन्ही ट्यूब. माळ्यावरचा बल्ब दिवाळीला दहा मिनिटं लागतो, तो बदलून काय वाचणार? न्हाणीघरातला सीएफएल अजून चालतोय, तोही राहू दिला. फक्त तो फुटला तर खिडकी उघडायची आणि काचा हातानं वेचायच्या नाहीत, कारण त्यात पारा असतो.

महिन्याला 118 च्या आसपास युनिट पडायचे. आता 90 च्या आत येतात. 100 च्या वरच्या युनिटला दर चढा असतो, त्यामुळे नेमके महागातले युनिट गेले. पण दिव्यांवरच सगळं खापर फोडू नका. बंबाच्या जागी आलेला 2000 वॅटचा गिझर 20 मिनिटं चालला, तर तेवढ्या विजेत हा एलईडी तीन दिवस-रात्र जळेल. ही गोष्ट सूनबाईंनी वहीत लिहिली आणि नातवाला मुद्दाम वाचून दाखवली.

भांडण झालं ते रंगावरून. दुकानदारानं न विचारता पांढराफेक दिला. आजी ओटीवर बसेनात. "दवाखान्यात नंबर लावून बसल्यागत वाटतंय." खोक्यावर 6500 के लिहिलेलं होतं. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप. बदलून 3000 के आणला, पिवळसर. वीज तेवढीच, आणि आजी परत ओटीवर. घेताना नुसते वॅट बघू नयेत, खोक्यावरचे ल्युमेन बघावेत. उजेड तिथे कळतो.

[जिना. रात्र. दिवा अगदी मंद धुगधुगतोय.]

जिन्यातल्या नव्या दिव्यानं मात्र सगळ्यांना घाबरवलं. बटण बंद, तरी रात्रभर धुगधुगी. बल्ब बाद निघाला असं वाटलं. वायरमननं टेस्टर लावला आणि कपाळाला हात लावला. कुणीतरी कधीकाळी बटणावर फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रल, म्हणजे परतीची तार आणली होती. बटण बंद केलं तरी होल्डरपर्यंत वीज होतीच. जुन्या बल्बला तेवढ्याशा झिरपणाऱ्या करंटनं काही होत नव्हतं, म्हणून कळलं नाही. म्हणजे बटण बंद करून जिन्यातला बल्ब बदलणारा या घरातला प्रत्येक माणूस चालू तारेशी खेळत होता. ते वायरिंग त्याच दिवशी बदललं. नव्या दिव्यानं केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते बिलात कुठेच दिसत नाही.

उरले काढलेले तीन पिवळे बल्ब. चांगले, चालू. आजींना टाकवेनात. रविवारी कोरेगावकडचा भाचा आला. त्यानं शेडमध्ये गावरान कोंबडीची पिल्लं आणलीत, आठ दिवसांची.

"आत्या, हे मला दे. उबेला लागतंय."

[शेड. रात्र. भुसा अंथरलेला. टोपलीखाली पिवळा बल्ब.]

पिल्लं लांब लांब पांगली तर ऊब जास्त झाली, एकमेकांवर चढली तर कमी पडली. भाचा बल्ब वीतभर वर घेतो, थांबतो, बघतो.

पिल्लं बल्बाभोवती सैलसा गोल करून बसतात.