मुलाखत घेणाऱ्याला आलेला प्रश्न

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'मुलाखतींचा बादशहा' म्हटलं. बादशहाचं काम काय, तर पाहुण्यांचा माइक चालू आहे ना ते बघायचं आणि पाण्याचा ग्लास त्यांच्या हाताशी सरकवायचा. वीस-बावीस वर्षं हेच करतोय. लेखकांच्या मुलाखती घेतल्या, समाजशास्त्राच्या प्राध्यापकांच्या घेतल्या.

आपल्याकडच्या प्रकट मुलाखतीचा साचा तुम्हाला पाठ आहे. आधी 'तुमच्या जडणघडणीविषयी सांगा', मधे एखादा गमतीदार किस्सा, शेवटी 'नव्या पिढीला काय सांगाल'. लेखक बिचारे या साच्यात बसतात, त्यांना सवय झालेली असते. समाजशास्त्रज्ञ बसत नाहीत. प्रश्न विचारणं हा त्यांचाच धंदा. जन्मभर दुसऱ्याच्या ओसरीवर बसून घरात माणसं किती, जमीन किती, लेक कुठल्या गावी दिली, हे विचारलेलं असतं. म्हणून त्यांना मी हल्ली आधी एवढंच विचारतो : तुम्हाला उलट कुणी काय विचारलं?

इरावतीबाईंना विचारलं गेलं होतं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. इरावती कर्वे, मानवशास्त्रज्ञ आणि लेखिका. जन्म १९०५, ब्रह्मदेशात. मुंबईत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्यांच्या हाताखाली शिकल्या, १९३० मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मिळवली, १९३९ पासून पुण्याला डेक्कन कॉलेजात. पुण्यात तेव्हा स्कूटर चालवणारी बाई म्हणूनही लोक त्यांना ओळखत. त्यांचा 'वाटचाल' हा लेख तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. बाई दिंडीबरोबर पायी पंढरपूरला निघाल्यात. दिंडी एक, तोंडात अभंग तेच, पण ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. बाई मराठा बायकांत जाऊन जेवल्या. मग त्या बायका मोकळ्या झाल्या. हात धरून चालू लागल्या, घरचं सांगू लागल्या, 'ताई' म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ हं, असं म्हणाल्या. आणि त्यांतल्या एका तरुण पोरीनं विचारलं, की आम्ही आलो तर तेव्हाही आमच्याशी असंच वागाल ना?

हा प्रश्न बाईंच्या जिव्हारी लागला. हजारो वर्षं शेजारी राहूनही आपण एकमेकांचे झालो नाही, अशा अर्थाचं त्या पुढे लिहितात. एरवी प्रश्न संशोधक विचारतो आणि समोरच्यानं सांगायचं असतं. इथे तिनं संशोधकाच्या घराच्या उंबऱ्यावर बोट ठेवलं. छापील प्रश्नावलीत याला रकाना नसतो.

याच लेखात महाराष्ट्राची ती प्रसिद्ध व्याख्या आहे. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी. ती मी व्यासपीठांवरून किती वेळा ऐकली असेल, मोजदाद नाही. मंत्र्यांकडून ऐकली, कीर्तनकारांकडून ऐकली, मीही दोन-चारदा वापरली आहे, टाळ्या हमखास. त्या पोरीचा प्रश्न मात्र भाषणात कुणी सांगितलेला मी अजून ऐकलेला नाही.

त्यांच्याच 'परिपूर्ती' या लेखाविषयी थोडं बोलतो, कारण त्यावरून माझं घरी भांडण झालंय. सभेत बाईंची ओळख करून दिली जाते : अमक्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची सून, दिनकररावांची पत्नी. त्यांना वाटतं, यात काहीतरी राहून गेलंय. परत येताना रस्त्यात एक शाळकरी पोरगा सवंगड्यांना सांगतो, ती बघ, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि ओळख पुरी होते. पुढे १९५३ मध्ये भारतभरच्या नातेसंबंधांवर जाडजूड ग्रंथ काढणारी बाई स्वतःला अशी नात्यात बसवून घेते! माझी मुलगी म्हणते, हे चक्क शरण जाणं आहे. मला त्यात निम्मी तरी थट्टा दिसते. इरावतीबाईंना स्टेजवर बसवून एक प्रश्न विचारायची मुभा मिळाली असती, तर ही शरणागती की थट्टा, हाच विचारला असता. १९७० साली त्या गेल्या, तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो.

आता 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक. १९८९. ऊर्मिला पवार कथा लिहिणाऱ्या, मीनाक्षी मून त्यांच्या जोडीला. दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठलं, बोलतं केलं. १९४२ ला नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. या बायकांचं काम कागदावर फार थोडं होतं, बाकी सगळं त्यांच्या तोंडात. हे काम विद्यापीठानं करायचं ते दोन लेखिकांनी केलं. 'कुणाची गं तू?' या त्या बायकांच्या पहिल्या प्रश्नाला या दोघींकडे उत्तर होतं, हे त्यांचं खरं भांडवल, असं मला वाटतं. पुढे २००६ मध्ये शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांची आत्मकथनं इंग्रजीत नेली आणि समाजशास्त्राच्या वर्गात ठेवली. तो वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

बाईमाणसाशी बोलायचं म्हणजे काय असतं ते सांगतो. एका जुन्या कार्यकर्तीकडे गेलो होतो. मी प्रश्न विचारला की उत्तर आतल्या खोलीतून यायचं, यजमानांचं. साल चुकलं तर तेच दुरुस्त करायचे. बाई मटार सोलत गप्प. तासाभरानं यजमान उठले, बाथरूमचं दार लागलं, आणि बाईंनी परात बाजूला सारली. म्हणाल्या, "हं, लाव आता तुझं यंत्र. अंघोळीला वीस मिनिटं लागतात त्यांना." माझ्याकडची सगळ्यात चांगली मुलाखत ती. वीस मिनिटांची.

सगळ्यात वाईट मुलाखत दोन तासांची आहे. समाजशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेची. घरी येऊन बघतो तर रेकॉर्डरमध्ये काही नाही, नुसती खरखर. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांचं दुःख याच्या शंभरपट होतं. म्हैसूर भागातल्या एका गावात, ज्याला ते रामपुरा म्हणतात, १९४८ मध्ये राहून केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्डला कुणीतरी लावलेल्या आगीत गेल्या. मग त्यांनी आठवणीतून गाव लिहिलं, १९७६ ला पुस्तक आलं. मीही आठवणीतून लिहायला बसलो. श्रीनिवासांना अख्खं गाव आठवलं. मला दोन तासांतलं एकच आठवलं, आणि ते बाईंचं उत्तर नव्हतं.

मी जातीवर काहीतरी लांबलचक विचारत होतो. शहरात जात आता उरली नाही, असं म्हणणाऱ्यांचं काय करायचं, वगैरे. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे भांडी घासायला येतात, त्या बाईंचं आडनाव काय?"

अकरा वर्षं येतात त्या आमच्याकडे. आम्ही त्यांना मंदाच्या आई म्हणतो. मी म्हटलं, बायकोला माहीत असेल. बाई नुसत्या हसल्या आणि पुढचा प्रश्न विचारा म्हणाल्या. रात्री बायकोला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच ओट्यापाशी गेलो. त्यांनी नळ बंद केला, हात पदराला पुसले, आडनाव सांगितलं. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "का ओ काका? सोसायटीत पुन्हा फोटो द्यायचा का?"