डोक्याला आकडा कशाला?

पत्रिकेवर आजचा विषय 'निसर्गातले सूक्ष्म जलतरणपटू' असा छापलाय. मी कळवला होता तो 'प्राण्यांतील शुक्राणूंचा आकार आणि त्यांचं पोहणं'. बदल कोणी केला ते मी विचारलं नाही. फक्त पोहण्याच्या क्लासची मुलं टॉवेल घेऊन तर आली नाहीत ना, एवढं पाहून घेतलं. (हशा) संयोजकांना दोष देत नाही, हा संकोच फार जुना आहे. १६७७ मध्ये डेल्फ्टच्या लेवेनहूकनं, म्हणजे एका कापडाच्या व्यापाऱ्यानं, स्वतः घासलेल्या भिंगातून शुक्राणू पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्यात त्यानं खुलासा केला की हा नमुना कुठल्याही पापाचरणानं मिळवलेला नाही, पती-पत्नीच्या संबंधांतून उरलेला आहे. आणि विद्वानांना किळस वाटणार असेल तर पत्र दडपून टाका. सुदैवानं त्यांनी दडपलं नाही.

तर माझं भांडण संकोचाशी नाही. ते आहे पुस्तकातल्या आकृतीशी. अंडाकृती डोकं, मधला छोटा भाग, सरळ शेपटी, खाली लिहिलेलं 'शुक्राणू'. कोणाचा? ते कोणी विचारत नाही.

आमच्या कॉलेजात तेव्हा प्रॅक्टिकलला उंदीर असायचे. एका विद्यार्थिनीनं उंदराच्या शुक्राणूंची स्लाइड केली आणि मायक्रोस्कोपखाली दिसलं तसं काढलं: डोकं लांबट, वाकलेलं, टोकाला चक्क हुकासारखा आकडा, शेपटी एवढी लांब की जर्नलचं पान पुरेना. अगदी बरोबर होतं. उंदराचा शुक्राणू माणसाच्या तिप्पट लांब भरतो. हत्तीचासुद्धा त्याच्यापुढे आखूड. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी लाल पेनानं तो आकडा खोडला आणि शेजारी स्वतःच्या हातानं अंडाकृती डोकं काढून दिलं. मुलगी म्हणाली, "सर, स्लाइड लावलेलीच आहे, बघता का?" सर म्हणाले, "स्लाइडी बघत बसलो तर माझी गाडी चुकेल." मी मध्ये पडलो. पण परीक्षेच्या दिवशी घरच्या परीक्षकाची किंमत काय असते, ते इथल्या प्राध्यापक मंडळींना सांगायला नको. बटाटेवडा आधी त्यांना, मार्कही त्यांचेच. मला विचारलं, "पुस्तकात आहे का असं?" पुस्तकात होता तो माणसाचा होता! उंदराच्या प्रश्नाला माणसाचं उत्तर लिहिलं असतं तर पोरीला पूर्ण मार्क मिळाले असते. ती पुढे बँकेत लागली, कर्जाची कागदपत्रं तपासते. वाकडं काही असलं तर तिच्या नजरेतून सुटत नाही म्हणे.

आणि माणसाचं तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या निकषांत नमुन्यातले ४ टक्के शुक्राणू सुबक आकाराचे असले तरी चालतं. म्हणजे पुस्तकातली आकृती माणसातही अल्पसंख्याकच.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. अहो, मी अजून पाण्यात उतरलोच नाही!

बरं, पटकन. निमुळतं डोकं म्हणजे वेग, असं आपल्याला वाटतं, कारण आपण मासे आणि होड्या पाहतो. शुक्राणूच्या मापाला हा हिशेब लागू नाही. तिथे जडत्व जवळजवळ शून्य, सगळं राज्य चिकटपणाचं. एडवर्ड पर्सेल या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञानं १९७६ च्या एका व्याख्यानात हे फार छान मांडलं होतं (त्यांना बहुधा चिठ्ठ्या येत नसाव्यात). आपल्याला काकवीच्या टाकीत सोडलं तर जे होईल, ते शुक्राणूचं पाण्यात होतं. शेपटी थांबली की तोही तत्क्षणी थांबतो. शेपटी एकदा इकडे नेली आणि तशीच उलट परत आणली, तर जेवढा पुढे गेला तेवढाच मागे येतो. म्हणून शेपटीतून डोक्याकडून टोकाकडे सतत लाट जावी लागते. अशा द्रवात सर्वांत कमी विरोध होणारा आकार कोणता, याचं गणित ऑलिव्हिए पिरोनो यांनी १९७३ मध्ये मांडलं. तो आदर्श आकार घेतला तरी तेवढ्याच घनफळाच्या गोल गोळ्यापेक्षा विरोध जेमतेम ५ टक्क्यांनी घटतो! एवढ्यासाठी कोण डोक्याला आकडा करून घेईल?

माझं म्हणणं असं की डोक्याचा आकार पाण्याला कमी आणि शेजाऱ्याला जास्त उत्तर देतो. एका मादीशी अनेक नर जुळले की शर्यत तिच्या शरीराच्या आतही चालू राहते. जेफ्री पार्कर यांनी १९७० मध्ये कीटकांवरून हे दाखवलं. युरोपातल्या रानउंदराचे शुक्राणू आकड्यात आकडे अडकवून शेकड्यांनी, हजारांनी एकत्र येतात आणि एकट्यापेक्षा वेगानं जातात. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या डिअर माऊस नावाच्या उंदरात डोक्याला डोकं चिकटवून लहान गट होतात. एकटा शुक्राणू भरकटतो, गट सरळ जातो. सातेक शुक्राणूंचा गट असला तर सर्वांत चांगलं जमतं, त्याहून मोठा झाला की एकमेकांना ढकलण्यातच जोर जातो. आमच्या सोसायटीची कमिटी अकरा जणांची आहे. असो.

उंदीरवर्गातल्या अनेक जातींची तुलना केली, तर जिथे शुक्राणू बनवणारी वृषणं शरीराच्या मानानं मोठी, म्हणजे शुक्राणूंची स्पर्धा तीव्र, तिथे आकडाही जास्त लांब आणि वाकलेला आढळतो. आता उलटी बाजू बघा, आपल्या गटारातली. मोठी घूस, बॅन्डिकोटा इंडिका: वृषणं लहान, शुक्राणूचं डोकं आकडा सोडून फुगलेलं, तेही एकाच नरात नाना आकारांचं, आणि शेपटी आखूड. तिच्याच भाऊबंदांतल्या लहान घुशीच्या शुक्राणूला मात्र रीतसर आकडा आणि लांब शेपटी. दोघींचं पाणी तेच, भौतिकशास्त्र तेच. पक्ष्यांतही हाच प्रकार: चिमणीसारख्या गाणाऱ्या पक्ष्यांचं शुक्राणूचं डोकं मळसूत्री, ते गरगर फिरत पुढे जातं, युरोपातल्या बुलफिंचची वृषणं अगदी छोटी, आणि त्याच्या शुक्राणूचं डोकं बोथट, पीळ गायब.

दुसरी चिठ्ठी. ड्रोसोफिला बायफर्का ही फळमाशी राहिली. नर जेमतेम ३ मिलिमीटरचा, आणि त्याचा एक शुक्राणू ५.८ सेंटिमीटर. तो पोहत कसला जातोय, गुंडाळी होऊन पोचतो! लांबी इथे ठरते ती मादीच्या साठवणीच्या नळीवरून, आणि ती नळी त्याहूनही लांब असते. ज्यांना यावर वाद घालायचा असेल, त्यांच्यासाठी मी चहाच्या टेबलापाशी आहे.